ज्वारीच्या दाण्याची जाडी

नवी पेठेत एका कापडदुकानाच्या डोक्यावर वैजयंती खरातचं खाजगी तपासाचं ऑफिस आहे. जिना इतका अरुंद की चढणाऱ्याला आपली अडचण खरंच मोठी आहे का, याचा पुन्हा विचार करायला वेळ मिळतो. गुरुवारी सकाळी वर आलेल्या मौलालींचा तो विचार करून झालेला दिसत होता. भर गर्दीत रिक्षा उभी करून ते आले होते. सोबत त्यांची लेक समरा होती.

"म्याडम, माझ्या पोरीला ऐकू येत न्हाय," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "पण खोटं बी ती बोलत न्हाय."

चिंचोळी एमआयडीसीतली 'व्योमधारा एरोस्पेस' विमानाच्या पंखांचे सुटे भाग बनवते. दोन वर्षांपूर्वी कंपनीने नऊ जणांना मुद्दाम बोलावून कामावर घेतलं. त्यांच्यात कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही. समराकडे मायक्रोमीटर होता, धातूच्या पट्टीची जाडी अगदी बारीक मोजणारं हातातलं यंत्र. या सोमवारी-मंगळवारी तिने मोजलेल्या दोनशे पट्ट्या चुकीच्या निघाल्या. तपासलं, तर मायक्रोमीटर कुठेतरी आपटून किंचित वाकलेला.

समराने मोबाईलवर टाइप करून फोन पुढे केला. 'काही पडलं तर लगेच सांगायचं. सांगणाऱ्याला शिक्षा नाही, लपवणाऱ्याची नोकरी जाते. हा नियम मला पाठ आहे. मी पाडला नाही.'

"कंपनीचं म्हणणं काय?"

"म्हणत्यात, पडल्याचा आवाजच तिला आला नसंल." मौलालींचा आवाज चिरकला. "म्हंजे असल्या पोरांना ठेवायचंच कशाला, असं चाललंय. पोरीला नोटीस दिलीया, उद्या मीटिंग हाय. नऊच्या नऊ घरी बसतील की."

"तसं कंपनीचं म्हणणं पटण्यासारखं आहे," सोमलिंग म्हणाला. हा वैजयंतीचा मदतनीस. माणूस सोन्यासारखा, पण डोकं अक्कलकोटच्या एसटीसारखं, प्रत्येक थांब्यावर थांबणारं.

वैजयंतीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने मुकाट्याने स्कूटरची किल्ली उचलली.

कारखान्यात समराच्या टेबलाखाली जाड रबरी मॅट होती. तशीच मॅट थेट हत्यारांच्या खोलीपर्यंत पसरलेली.

"सगळीकडे आहे," मॅनेजर म्हणाले. "वस्तू पडलीच तर बिघडू नये म्हणून."

वाकलेला मायक्रोमीटर त्यांनी पिशवीतून काढला. कडेला बारीक खोक पडली होती आणि खोकेत राखाडी भुकटी अडकली होती.

"मागच्या शुक्रवारची मोजमापं?" वैजयंतीने विचारलं.

"बरोबर होती. सोमवारची पहिलीच पट्टी चुकली."

"म्हणजे आल्या आल्या पाडला," सोमलिंग पुटपुटला.

हत्यारांची खोली धुळाप्पाच्या ताब्यात होती. "शुक्रवारी सांजच्याला पोरीनं माझ्या हातात दिला, मी कपाटात ठेवला," तो म्हणाला. "किल्ल्या दोनच. एक माझ्याकडं, एक दिग्विजय सायबांकडं. शनिवारी समराची सुट्टी. सायब शाळापेटी घेऊन गेले, मी फाटकापाशी मालाची गाडी भरत हुतो."

शाळापेटी म्हणजे कंपनीच्या समाजकार्याची पेटी. दर शनिवारी ती एखाद्या शाळेत जायची. आत निकामी हत्यारं, ओळखायला प्रत्येकावर लाल पट्टा. वैजयंतीने पेटीतला जुना मायक्रोमीटर उचलला. पोरांच्या हातांनी झिजून त्याची मूठ पार गुळगुळीत झाली होती. तिने बटण दाबलं, पडदा काळाच राहिला.

"लई दिवस झाले बंद पडून," धुळाप्पा म्हणाला. "पोरांना हाताळायला काय, बंदच बरा."

ऋतुजा पॅकिंगमध्ये बसून बोटांनी रिबिटी, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, निवडत होती. तिला दिसत नाही. शाळेत डोळे बांधून हत्यारं ओळखायचा खेळ तीच घेते.

"शनिवारी मंगळवेढ्याला लई मजा आली," ती हसून म्हणाली. "एक पोरगी मायक्रोमीटरची मूठ चाचपून म्हणती, ताई, हे कानशीगत खरखरीत लागतंय! पण शेवटी सगळी घाई झाली. शाळंच्या शहाबादी फरशीवर कायतरी खणकन पडलं. साहेब म्हणाले, खाऊचा डबा. लगेच निघालो की आमी."

दिग्विजय समाजकार्य विभागाचा प्रमुख. नऊ जणांना कंपनीत आणलं त्यानेच, आणि ते तो दोनदा बोलून दाखवून गेला.

"मॅडम, माझ्याइतकं वाईट कुणाला वाटणार? शनिवारी मंगळवेढ्यात बघायला हवं होतं. पत्रकार आले होते. एका मुलीने घरच्या ज्वारीचा दाणा मायक्रोमीटरने मोजला. पडद्यावर आकडे उमटले आणि सगळा वर्ग ओरडला!"

"किती भरला दाणा?" वैजयंतीने विचारलं.

"चार मिलीमीटरच्या जरा वर."

"छान," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला सगळे जमले. मौलाली हातांच्या खुणांनी लेकीला शब्द न् शब्द सांगत होते.

"हा मायक्रोमीटर इथे पडलाच नाही," वैजयंतीने सुरुवात केली. "रबरी मॅटवर पडून अशी खोक पडत नाही आणि दगडाची भुकटीही लागत नाही. तो पडला शहाबादी फरशीवर. मागच्या शुक्रवारी शाबूत होता, सोमवारी पहिल्या पट्टीलाच वाकलेला होता. म्हणजे जे झालं ते शनिवार-रविवारी झालं, आणि तेव्हा समरा घरी होती."

"पण कपाटाला तर कुलूप होतं!" सोमलिंग म्हणाला.

"किल्ल्या दोन आहेत. शाळापेटीतल्या मायक्रोमीटरची मूठ गुळगुळीत आहे. मंगळवेढ्याच्या मुलीला ती खरखरीत लागली. त्याच यंत्राचा पडदा कधीचा बंद आहे, आणि दिग्विजय साहेबांनी मात्र आकडे उमटलेले पाहिले. मग शनिवारी त्या वर्गात कोणता मायक्रोमीटर होता? ऋतुजाला लाल पट्टा दिसत नाही, पोरांना तो असतो हेच ठाऊक नाही. बदललेला कुणाच्या लक्षात येणार? आणि खणकन पडला तो खाऊचा डबा नव्हता."

ऋतुजाचा हात आपोआप तोंडावर गेला. दिग्विजयने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

"पत्रकार येणार होते," तो शेवटी म्हणाला. "बंद पडद्याचं यंत्र काय दाखवायचं? एका पोरीच्या हातून सटकला. वरून नुसती बारीक खोक होती, वाटलं, ठीक असेल. बुधवारी कळलं, तोवर उशीर झाला होता. चालू हत्यार बाहेर नेलं म्हटल्यावर शाळांचा कार्यक्रमच बंद झाला असता."

"म्हणून नऊ जणांचं काम बंद होऊ द्यायचं?" मॅनेजरांनी विचारलं. त्यांनी समराची नोटीस सर्वांसमोर फाडली. "सोमवारी वेळेवर ये," ते तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले. "आणि कुणाचंही काम जाणार नाही, हे बाकी आठ जणांनाही तूच सांग."

मौलालींना रडू आवरेना. खुणा करायला हात मोकळे ठेवायचे की डोळे पुसायचे, हेच त्यांना कळेना. समराने वडिलांच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिने बराच वेळ फोनवर काहीतरी लिहिलं, त्यातलं बरंचसं खोडलं, आणि टेबलाला वळसा घालून फोन दिग्विजयसमोर धरला.

'मला ऐकू येत नाही, सर. पण तुम्हाला तर तो पडल्याचा आवाज आला होता ना?'