उतरल्याची हाक

खोटं वाटलं तर वाटू द्या. अकरा वर्षं लोकांना पटवून पटवून मी थकलोय. आता पटवत नाही. घडलं तसं सांगतो.

एप्रिल दोन हजार चार. रविवार. दुपारचे चार.

हो, दुपारचे. रात्रीबित्री काही नव्हती, लख्ख उजेड होता.

जागा म्हणजे ट्युनिशियाच्या उत्तरेचं केफ, डोंगरातलं गाव. तिथल्या एका शाळेचं वसतिगृह, दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली.

मी लझर. तेव्हा एकोणीस वर्षांचा, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. घर पार दक्षिणेला, तोझरच्या बाजूला, खजुराच्या बागेत. मार्क बरे पडले म्हणून मला इतक्या लांब धाडलं होतं. गाड्या बदलत बदलत घरी पोचायला सबंध दिवस जायचा.

घराची आठवण येते म्हणजे रडू येतं असं लोकांना वाटतं. मला रडू येत नव्हतं. नुसता थकवा यायचा. पहाटे पाणी सोडायच्या वेळेला डोळे आपोआप उघडायचे, हात फावडं शोधायचे, आणि हाताला लागायचा लोखंडी पलंग. मग दिवसभर टोमॅटोच्या पाण्यातली मॅकरोनी खायची आणि गणितं सोडवायची. उम्मीच्या, म्हणजे आईच्या, हातची कांदा-मिरची भरलेली रोटी डोळ्यांसमोर आली की घास फिरायचा.

त्यात वसंत. आमच्याकडे हे दिवस झाडावर चढायचे. नर झाडाचा फुलोरा कापायचा, एकेका मादी झाडावर चढून तिच्या मोहरात बांधायचा. चार दिवस उशीर झाला तर त्या झाडाचं वर्ष गेलं. आमची साठ झाडं. बाबा चौसष्ट वर्षांचे. आमचा चढणारा मन्सूर तिकडे किनाऱ्यावरच्या हॉटेलात कामाला गेलेला.

मार्चच्या सुट्टीआधी मी फोन केला होता.

"बाबा, मी येतो. आठ दिवसांत सगळी झाडं उरकू."

"तू आलास की तुझं पुस्तक मिटलं. काही येऊ नकोस."

"मग चढणार कोण? तुम्ही? गुडघे काय म्हणतात?"

"गुडघ्यांना कोण विचारतं? तू परीक्षा दे. तोवर झाडांचं मी बघतो."

मी गेलो नाही. खरं सांगायचं तर दिवसभर गाडीत बसून जायचासुद्धा कंटाळा आला होता. त्यांनी नको म्हटलं, मला बरंच वाटलं.

ते बाबांशी माझं शेवटचं बोलणं.

तर तो रविवार. खिडकीत पुस्तक घेऊन बसलो होतो. माझा खोलीसोबती रमझी लोळत पडलेला.

आणि लांबून हाक आली...

"या सातिर... चढतोय..."

हे आमच्याकडचं आहे. झाडाच्या शेंड्यावरून आजूबाजूच्या सगळ्या घरांची अंगणं दिसतात. म्हणून चढणारा आधी 'या सातिर', म्हणजे 'हे झाकणाऱ्या देवा', अशी हाक देतो, बायका उठून आत जातात. काम झालं, जमिनीला पाय लागले, की दुसरी हाक... 'या सातिर, उतरलो.' मग बायका बाहेर येतात. मधल्या वेळात कुणी वर बघत नाही.

पण केफमध्ये, आमच्या आसपास, खजुराचं झाड औषधालाही नव्हतं.

"रमझी, ऐकलंस?"

"काय?"

"हाक."

"तुझ्या पोटाची असेल, खजुऱ्या. जेव जरा."

मी खाली पाहिलं. भिंतीपलीकडच्या घरात सासिया खाला कपडे वाळत घालत होती. साठीची बाई, आम्हा पोरांचे कपडे धुऊन द्यायची. तिने हातातला ओला सदरा बादलीत टाकला, डोक्यावरची चादर पुढे ओढली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.



वीस-पंचवीस मिनिटं गेली... मग तोच आवाज.

"या सातिर... उतरलो..."

दार उघडलं. खाला बाहेर आली आणि तोच सदरा पिळून दोरीवर टाकला.

सोमवारीही तेच. मंगळवारीही. चार वाजले की हाक, मग शांतता, मग दुसरी हाक. मी आवाज ओळखला होता, पण स्वतःशी कबूल करत नव्हतो.

बुधवारी कपड्यांचं गाठोडं घेऊन खालाकडे गेलो.

"खाला, दुपारी तुम्ही आत का जाता हो?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिची अक्कल काढली.

"चढणाऱ्याने हाक दिली तर काय अंगणात नाचू? मी नफ्त्याची लेक आहे रे, तुमच्या तोझरशेजारची. लग्न करून इकडे थंडीत येऊन पडले म्हणून रीत विसरले नाही."

"पण इथे झाड कुठंय?"

ती थांबली. भिंतीकडे पाहिलं, मग टेकडीकडे.

"असेल कुणाच्या तरी आवारात," ती हळू म्हणाली. "माणूस मात्र तुमच्याकडचा वाटतो. दमलेला आहे बिचारा. चढताना धाप लागते त्याला."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गुरुवारी नाक्यावरच्या दुकानातून घरी फोन लावला. उचलला उम्मीने. मागच्या गुरुवारीही तिनेच उचलला होता.

"बाबा कुठंयत?"

"बागेत."

"चढतायत?"

तिकडे खिडकी लावल्याचा आवाज आला.

"हो. आताच हाक ऐकली मी. तू अभ्यास कर, बाळा."

माझा जीव भांड्यात पडला. कशाचाही विचार केला नाही. इकडे मला ऐकू येतंय, तिकडे उम्मीला ऐकू येतंय, म्हणजे बाबा ठीक आहेत. घरच्या ओढीने कानाला भास होत असतील... इतकं मी स्वतःला समजावलं. पुढे तर त्या हाकेचीच सवय लागली. चार वाजता बाबा चढले, साडेचारला उतरले, की मी निवांत गणितं करायचो. केफमध्ये इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. लाज वाटते सांगायला.

एकवीस एप्रिल. बुधवार.

चार वाजता हाक आली. आवाज फार थकलेला होता. खाला आत गेली.

पाच वाजले... दुसरी हाक नाही.

सहा वाजले. पावसाचे थेंब पडायला लागले. दोरीवरचे कपडे भिजत होते. खालाचं दार बंदच.

मी धावत खाली गेलो, दार ठोठावलं.

"खाला, कपडे भिजतायत."

आतून आवाज आला. "भिजू देत. तो उतरला नाही अजून."

फोन लावला, कुणी उचलला नाही. सुट्टीसाठी अधीक्षकांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. "पुढच्या आठवड्यात सराव परीक्षा आहे," एवढंच ते म्हणत राहिले. सकाळी पहिल्या गाडीने मी न विचारता निघालो.

घराच्या फाटकात बूबकर काका उभे होते, बाबांचे धाकटे भाऊ. मला बघून त्यांनी डोक्याला हात लावला.

"कुणी सांगितलं तुला?"

"काय?"

काकांनी मला मातीत बसवलं. बाबा भिंतीकडच्या उंच झाडावरून पडले होते. जागच्या जागी गेले. एकोणतीस मार्चला.

माझ्या कानावर पहिली हाक आली ती चार एप्रिलला.

"तुझी परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही असं ठरलं होतं," काका म्हणाले. "त्यांचीच इच्छा असती ती."

"आणि झाडं?"

"झाडांना काय झालंय? सगळी बांधून झालीत की. वहिनीने मन्सूरला परत बोलावलं ना? मला रोज माझ्या बागेत ऐकू येत होता."

"बघितलात त्याला?"

"वर कशाला बघू? शेजारी तुझी आई इद्दतीला, नवऱ्याच्या दुखवट्याला, घरात बसलेली."

मन्सूर आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी हॉटेलात फोन करून मी खात्री केली.

उम्मी आतल्या खोलीत होती. मला जवळ घेऊन ती खूप रडली. मग म्हणाली, "मी तुला खोटं नाही सांगितलं, लझर. हाक ऐकली तेव्हाच सांगितलं. रोज हाक आली की मी खिडकी लावून घ्यायची... रोज उतरायचे. काल मात्र उतरले नाहीत."

मी बागेत गेलो. एकोणसाठ झाडांचा मोहर बांधलेला. झावळीच्या पट्टीचे दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं, बाबांची गाठ. राहिलं होतं भिंतीकडचं झाड. त्या झाडाखाली उभा राहिलो आणि वर पाहिलं. झावळ्यांशिवाय काही दिसलं नाही.

मग वरून काहीतरी पायाशी पडलं...

मोहराचं साल होतं. आत्ता कापलेलं, ओलं.

मी तिथून पळालो. बापाला सोडून पळालो, असंच म्हणा.

तीन दिवसांनी काकांनी मला परत केफला धाडलं. परीक्षा दिली. कशी दिली विचारू नका. जुलैत निकाल लागला, पास झालो. त्याच दुपारी धीर करून झाडाखाली गेलो.

"बाबा, पास झालो. परीक्षा संपली. उतरा आता."

वारा नव्हता. वर झावळ्या जोरात हलल्या... कुणीतरी पाय खाली टाकावा तशा.

"लझर, पुरे," आतून उम्मी म्हणाली. "एक शब्द बोलू नकोस. आत ये."

मी आत गेलो.

"उतरले की जातील," ती म्हणाली. "वर आहेत तोवर आहेत. राहू देत."

त्यानंतर मी कधी हाक मारली नाही. बाग मीच बघतो. एकोणसाठ झाडांवर मी चढतो. साठाव्याला कुणी हात लावत नाही, तरी दर शरदात त्याला घोस लागतात.

उम्मी गेल्या हिवाळ्यापासून अंथरुणावर आहे. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. काल तिने माझा हात धरला.

"मी गेले की त्यांना उतरव. फार दमलेत ते."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पण तेव्हापासून एकच विचार छळतोय. हाक ऐकून आत जायची रीत बायकांची. मला तिथेच, झाडाखाली, उभं राहावं लागेल. आणि उतरून ते माझ्याकडे वळतील.