कोऱ्या कागदाची चव

सुज्ञ वाचकहो, जिव्हा हे इंद्रिय आकाराने अल्प असले तरी तिच्या योगाने दोन हृदयांची गाठ कशी पडली, याचा साद्यंत वृत्तांत मी येथे निवेदन करणार आहे. कृपया शांत चित्ताने वाचावा.

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा, म्हणजे मोठी जत्रा, भरला होता. उंच पाळण्यांच्या पलीकडे एका महाविद्यालयाने विज्ञानाचे दालन मांडले होते. शेंगाचटणीच्या दुकानाचा तरुण वारस चन्नवीर केवळ पाय मोकळे करावेत म्हणून त्यात शिरला. तेथे प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी हेमावती प्रत्येकाच्या जिभेवर कागदाची पट्टी ठेवून चव विचारत होती. पुढचा गृहस्थ तोंड वेडेवाकडे करून म्हणाला, “कडू लागतंय की ओ.”

मग चन्नवीराची पाळी आली.

“काय लागलं?”

“कडू,” तो म्हणाला. “लई कडू.”

हेमावतीने पापण्या उचलल्या. त्या नजरेत किंचित हसू होते. “तो कोरा कागद होता. पहिला आम्ही सगळ्यांना कोराच देतो.”

चन्नवीराचे कान लाल झाले. तो माघारी वळणार, तोच ती म्हणाली, “थांबा की. आता खरा घ्या.”

या खेपेस त्याचा चेहरा असा काही आक्रसला की ती खुदकन हसली. तो मात्र हसला नाही. त्याच्या नेत्रांत पाणी तरळले होते.

“म्हणजे... माझी जीभ हाय अजून?”

त्या प्रश्नाने हेमावती गंभीर झाली. तिने त्यास खुर्ची दिली. मग त्याने जे कोणास सांगितले नव्हते ते सांगितले. पावसाळ्यात ताप आला आणि तेव्हापासून अन्नाची चव गेली. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की उखळातून निघालेल्या प्रत्येक घाण्याची पहिली चिमूट थोरल्या मुलाने चाखायची. तो मान हलवील तेव्हाच चटणी दुकानात जायची.

“मग आता कसं ठरवता?”

“ठसका लागला की जमली म्हणायचं,” तो खाली पाहत म्हणाला. “परवा शेंगा करपल्या, मला कळलंच न्हाय. गिऱ्हाईक परत आलं. अप्पांना काय सांगू?”

“तिखट ही चवच नाही,” ती हळुवारपणे म्हणाली. “ती नुसती जळजळ. आणि लसणाचा, भाजल्या शेंगांचा स्वाद जिभेला नाही, नाकाला कळतो. तुमची जीभ शाबूत आहे. नाक रुसलंय.”

“मग ते मनवायचं कसं?”

“आधी डॉक्टरांना दाखवा. मग रोज लसूण, जिरं हुंगायचं, वास आठवत आठवत. कधी परत येतो... कधी नाही. खोटी आशा मी दाखवणार नाही.”

त्यानंतर दर रविवारी सायंकाळी कंबर तलावाच्या काठी ती दोघे भेटू लागली. ती जिऱ्याची पुडी त्याच्या नाकाशी धरी, तो डोळे मिटून घेई. आणि वास न आला तरी तिच्या बांगडीची किणकिण त्यास ऐकू येई.

“फुलपाखरू पायांनी चव घेतं,” ती एकदा म्हणाली.

“म्हणजे ताटात उभं राहूनच जेवतंय?”

“आणि मांजराला गोड कळत नाही.”

“मग आमच्या अव्वाचं मांजर बासुंदी का चाटतंय?”

“सायीसाठी. पोपटाला मिरची झोंबत नाही, ठाऊक आहे?”

“मग तो आमच्या धंद्याचा न्हाय.” मग त्याने विचारले, “तुमाला तो कागद कसा लागला?”

ती तलावाकडे पाहत राहिली. “कोरा. काहींना तो कडूपणा जन्मतःच कळत नाही, आईबापांकडून येतं ते. मी मुळ्याचा पाला गप खाते, आणि घरचे म्हणतात किती गुणी पोरगी.”

चन्नवीर कित्येक महिन्यांनी मनमोकळे हसला. त्याच क्षणी त्याच्या अंतःकरणात प्रीतीने ठाण मांडले.

धीर करून त्याने अप्पांना, म्हणजे आपले वडील तिप्पण्णा यांना, सर्व काही सांगितले. हेमावतीचेही. अप्पा रागावले नाहीत; उलट हर्षभरित होऊन दुसऱ्याच दिवशी त्यास घेऊन हेमावतीच्या घरी गेले. पुढे जे झाले ते चन्नवीरास कधीही विसरता येणार नाही. चहाचा कप हातात घेऊन अप्पा म्हणाले, “पोरगी द्या आमाला. शिकलेली हाय, नाक बी चांगलं हाय. चटणीची काळजीच मिटली.”

हेमावती दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. “चटणीसाठी मी नाही,” एवढेच बोलून ती आत गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यापुढच्याही नाही.

चन्नवीराने फोन केला नाही. त्याने आपली धाकटी बहीण अक्षता हिला उखळापाशी बसविले. करपल्या शेंगा कोणत्या, कच्चा लसूण कोणता, हे तिला त्याच्यापेक्षा चांगले उमगत होते. अप्पा म्हणाले, “पोरीनं चाखायची रीत न्हाय.” अव्वा, म्हणजे चन्नवीराची आई, म्हणाली, “रीत तुमी सांगा, गिऱ्हाईक मी सांभाळते.” अखेर अप्पांनी मान खाली घालून अक्षताच्या तळहातावर पहिली चिमूट ठेवली. थोरलेपणाचा तो मान चन्नवीराने आपण होऊन सोडला. त्यास वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभा राहिला. हेमावती मैत्रिणींना पुढे पाठवून थांबली.

“वास आला का?” तिने विचारले.

“न्हाय.”

“येणारही नाही कदाचित.”

“नसू दे.” तो म्हणाला. “चव बघायचं काम आता अक्षताकडं दिलं, कायमचं. दुकानाला तुमची गरज न्हाय उरली...”

“मग कशाला आलात?”

“मला हाय.”

हेमावतीने ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. रस्त्याने एक रिक्षा गेली, दुसरी गेली.

“अप्पांना पुन्हा आमच्याकडे पाठवा,” ती हलकेच म्हणाली. “आणि या खेपेस नाकाचा विषय काढू देऊ नका.”

येथे माझी लेखणी थांबते. मजसारख्या अल्पशिक्षिताच्या शब्दांना आपण बहुमोल वेळ दिलात, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार. आपला नम्र, धोंडीराम शिंगाडे, माढा.