मागच्या रांगेतली हजेरी

पिंप भरलेलं की रिकामं, हे कळायला मला ते उघडावं लागत नाही. लाकडी मोगरीचा एक ठोका पुरतो. भरलेलं दबक्या, जड आवाजात बोलतं. रिकामं उगाच मोठ्याने. माणसांचंही तसंच, म्हणा.

त्या दिवशीचं काम साधंच होतं. आमच्या भट्टीने गावच्या जुन्या पलटणीच्या, नॉकरो फ्युजिलियर्सच्या नावाने व्हिस्की काढली होती. पलटण मोडून सत्तर-एक वर्षं झाली, पण आमचं गोदाम तिच्याच बराकीत. पहिली बाटली उघडण्याआधी पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात राहिलेल्यांची हजेरी घ्यायची ठरली. भट्टीचे मालक मेजर ऑर्म्सबी नाव पुकारणार, आणि त्या माणसाच्या वतीने मी पुढच्या भरल्या पिंपावर ठोका देणार. पलटणीच्या मेजवानीत पूर्वी टेबलावर असाच ठोका देत.

डिंपना केहो आजींना मीच गाडीतून आणलं. त्या आईच्या पोटात असताना बाप लढाईला गेला. त्याचं प्रेतही सापडलं नाही. तो पळाला, असं त्याचे अधिकारी असलेल्या मेजरच्या वडिलांनी सांगितलं आणि गावाने ते पिढ्यान्‌पिढ्या चघळलं. आजींची आई मरेपर्यंत चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली.

"माझ्या बापाचं नाव घेतील ना रे?"

"मेजर म्हणाले, बघू."

"म्हणजे नाही," आजी हसल्या. "ऑर्म्सबींचं 'बघू' मी जन्मभर ऐकतेय."

दुपारी पाऊस थांबला होता. गोदामात ओल्या दगडाचा आणि मुरलेल्या ओकचा वास दाटला होता. मेजर सावकाश नावं पुकारत होते, मी ठोके देत होतो. बायका हळूच डोळे पुसत होत्या. शेवटचं नाव झालं. मेजरने पेला उचलला.

तेवढ्यात आजी काठी टेकत उभ्या राहिल्या. "शिपाई लॉर्कन केहो!"

मेजर माझ्याकडे रोखून बघत होते. मला राग आला, खरंच आला. नोकरी गेली तर गेली, म्हणून मी मोगरी उचलली.

ती खाली येण्याआधीच ठोका पडला.

मागच्या अंधाऱ्या रांगेतून. जड, दबका. तिथली सगळी पिंपं लोखंडी पट्ट्या सैल झालेली, दुरुस्तीला काढलेली, मीच रिकामी केलेली. रिकाम्या पिंपातून तसा आवाज येत नाही हो... येऊच शकत नाही.

"कोण आहे तिकडे?" मेजर ओरडले.

मी मागे गेलो. कुणी नव्हतं. ओल्या लोकरीचा वास मात्र होता, पावसात भिजलेल्या जाड कोटाला येतो तसा. एका पिंपावर मी हात ठेवला. लाकूड कोरडं होतं.

"नाव घ्या, साहेब," आजी शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या तोंडून घ्या. त्याला तेच हवंय."

मेजरने पेला खाली घेतला. "शिपाई... लॉर्कन केहो."

ठोका पडला. माझ्या तळहाताखाली, आतून.

आजी ढसाढसा रडल्या. सगळं गाव उभं राहिलं, मेजरही उभे राहिले. त्यांनी आपला पेला आजींच्या हातात दिला. मला वाटलं, चला, संपलं.

मग शेजारच्या पिंपात ठोका पडला. मग त्याच्या पलीकडच्या.

"बस्स कर रे..." मेजर पुटपुटले.

"मी नाही, साहेब." मोगरी कधीच हातातून पडली होती.

आजींनी माझी बाही धरली. "आमच्यासारखी, माणसाचं नाव गाळलेली... अजून किती घरं होती रे?"

हजेरी संपली होती, पुकारणारा गप्प होता, आणि मागच्या रांगेतलं एकेक रिकामं पिंप भरल्या आवाजात ठोका देत दाराकडे सरकत चाललं होतं.