लोसेच्या हातची शिवण

इस्पितळाच्या शवागारात लोसे आणि मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून म्हाताऱ्या झालो. चिरलेलं शरीर खालून गळ्याकडे शिवत न्यायचं. सुई आतून बाहेर काढायची, म्हणजे कातडीच्या कडा आत वळतात आणि पाझर थांबतो. लोसे डावरी, तिचे टाके उलट्या अंगाला कलत. दोऱ्याचं टोक ती चटईच्या पातीसारखं आत खोचायची.

"माशाचा काटा दिसतो नुसता," मी चिडवायचे.

"तुझं तर फाटकं गोणपाट," ती म्हणायची.

माझी लहानगी लेक सेला समुद्रात खडकांपाशी बुडाली, तेव्हा डॉक्टर तिला चिरायचं म्हणत होते. मी दारात आडवी पडले. लोसे आत गेली. संध्याकाळी तिनं सेलाला बाहेर आणलं, गळ्यापर्यंत झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून.

"सुरी लागू दिली नाही. माझी शपथ. आता उघडू नकोस. आहे तशीच आठव."

मी उघडलं नाही. त्या शब्दावर जगले.

परवा लोसे घरीच, झोपेत गेली. भर दुपारी तिची लेक लेसिएली आणि मी तिला आंघोळ घातली. अंगाला खोबरेल लावू लागलो. बाहेर बायका गात होत्या, भट्टीतल्या कंदांचा वास येत होता.

"मावशी, आईचं ऑपरेशन कधी झालं?"

"तिचं? सुई टोचणारी नर्स दिसली तरी पळायची."

"मग हे काय?"

छातीवर एक टाका होता. आंघोळीच्या वेळी नव्हता. मी तेलाचा हात फिरवला. खाली दुसरा. मग तिसरा. मधली कातडी अखंड होती, कुठे चीर नाही.

सगळे टाके उलट्या अंगाला कललेले.

लोसे अंगानं थोराड. शिवण मात्र गळ्यापासून निघून बेंबीच्या वरच संपली होती.

मी वितीनं मोजली. सेलाचे फ्रॉक मीच शिवायचे. तिच्या गळ्यापासून ओटीपोटापर्यंतचं माप माझ्या हाताला पाठ होतं.

तेवढंच भरलं.

"शपथ घेतली होतीस गं," मी म्हणाले.

आत खोचलेलं टोक नखानं उचललं. तसंच सोडलं. लोसेला गळ्यापर्यंत गुंडाळलं.

"मावशी, काय होतं ते?"

"उघडू नकोस. आहे तशीच आठव."

हात पुसायला गेले, तर बोटं ओली होती. तेलानं नव्हे. नखात बारीक पांढरी वाळू होती.