पडद्याखालच्या चपला

शिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे कानिफनाथने ऐकलं होतं. पण दारच नाही तर वाजवायचं काय, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तो पाठीवर बॅग घेऊन पडद्याबाहेर नुसताच उभा... आणि आत मेथी निवडणाऱ्या स्नेहलला पडद्याखाली दिसत होत्या फक्त दोन चपला, धुळीने पांढऱ्या झालेल्या.

"अहो चपला, कोण पाहिजे?"

चपला दचकल्या. "खोली... भाड्याची हाय ना? मी पाथर्डीकडचा. इथं तेलाच्या दुकानात लागलोय."

"मग हाक मारून यायचं की."

पडदा सरला, आणि स्नेहलच्या हातातली मेथी हातातच राहिली.

त्याच्या गावाकडे पाऊस कायम रुसलेला. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला, उरलेली पोरं कंपन्यांत. "आमच्याकडं मान्सं कमी अन् कुलपं जास्त," तो हसून सांगायचा. हसताना त्याच्या गालाला खळी पडायची, आणि कॉलेजला निघालेली स्नेहल बस चुकवायची.

रोज सकाळी पडद्याबाहेरून हाक यायची, "स्नेहल... पानी मिळंल का?"

"कालची कळशी संपली?"

"तहान लई लागती मला."

"एवढी? डॉक्टरला दाखव एकदा."

एका संध्याकाळी मात्र तो कळशी न घेताच आला. "चुलतभावाचा फोन आलता. चाकणला कंपनीत जागा हाय. पगार दुप्पट. सोमवारी ये म्हनला."

"जा की मग," स्नेहल म्हणाली, आणि पडदा ओढून घेतला.

सोमवारी हाक आलीच नाही. खोलीत गोधडीची घडी, माणूस गायब. दुपारी डोळे पुसत ती वडिलांचा, आप्पांचा डबा घेऊन मळ्यात गेली, तर कांद्याच्या वाफ्यात आप्पांशेजारी कानिफनाथ. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कांद्याची रोपं.

"आलीस व्हय," आप्पा म्हणाले. "ह्यो सकाळपास्नं आलाय. चाकणला जात न्हाई म्हनतो. का, इचारलं, तर तुझ्या नावापाशी अडकतो अन् पुढं बोलतच न्हाई. आता तूच इचार." आणि ते पाणी वळवायला पार पलीकडच्या टोकाला गेले.

"का नाही गेलास?"

"तिथं पगार चांगला हाय..." तो रोपांकडे बघत राहिला. "पन तिथं हाक कुनाला मारू?"

स्नेहल बांधावर बसली, एकट्या आप्पांसाठी आणलेला डबा उघडला... आणि भाकरीचे तीन वाटे केले.