वरची एक ओळ

चष्म्याच्या दुकानात शिरलेल्या त्या माणसाने मोडका चष्मा काढायला खिशात हात घातला, हाताला लागलं ते काऊंटरमागच्या मुलीपुढे ठेवलं, आणि ती किंचाळलीच. काचेच्या काऊंटरवर शेपटीसकट उंदीर पडला होता! म्हणजे कॉम्प्युटरचा माऊस होता तो... पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगाच नाही.

"चावत नाही हो," तो घाईघाईने म्हणाला आणि दुसऱ्या खिशातून एका काडीचा चष्मा काढला. मग डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही घाबरलात की हसताय? चष्म्याशिवाय मला कळत नाहीये."

"दोन्ही," ती म्हणाली.

पलीकडच्या गल्लीत त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. काडीचा स्क्रू पिळता पिळता तिने धीर केला. घरी बाबा होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, आणि आता उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. डावा हात तेवढा चालायचा, पण आडव्या पडलेल्या माणसाला त्या हाताने लिहिणं जमेना. सांभाळायला आलेली आत्या येत्या सोमवारी आपल्या घरी परत जाणार होती. मग दिवसभर बाबा एकटे.

"पडद्यावर थोडे शब्द हवेत," ती म्हणाली. "बाबांनी माऊसने शब्द निवडला की तो मोठा दिसेल आणि आवाज होईल. शेजारच्या मावशी ऐकून येतील. असं... करता येतं?"

"येतं की. पण मी करणार नाही. तुम्ही करायचं."

"मी? अहो, मी मिक्सर लावताना डोळे मिटते!"

"मिटा खुशाल. माऊसला काही फरक पडत नाही." त्याने दुरुस्त चष्मा नाकावर चढवला, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि का कोण जाणे, कानापर्यंत लाल झाला. "उद्या बाबांना आणखी एक शब्द हवासा झाला, तर माझी वाट बघत बसाल का? फक्त... रोज यावं लागेल."

ती रोज गेली. पहिल्या दिवशी तिने घाबरून कीबोर्डचं बटण असं दाबून धरलं, की एका अक्षराऐवजी चार उमटली.

"चुकलं तर स्फोट होईल?"

"झालाच तर आधी मी उडेन. बघा ना, किती जवळ बसलोय."

खरंच जवळ बसला होता... तिने खुर्ची इंचभर सरकवली. दूर नाही, हे मात्र तिला घरी गेल्यावर कळलं.

"माऊस बिचारा दोनच गोष्टी सांगतो," तो समजावत होता. "मी कितव्या ओळीवर आहे, आणि बटण दाबलं की नाही. त्याला वाचता येत नाही. पहिली ओळ म्हणजे पाणी, दुसरी म्हणजे कूस, तिसरी म्हणजे दुखतंय, हे आपणच त्याला शिकवायचं. आणि चौथी घाला, ठीक आहे."

"ठीक आहे कशाला? ते सांगायला कोण कुणाला बोलावतं?"

"नुसत्या तक्रारीच का? बरं वाटतंय, हेही माणसाला कुणाला तरी सांगावंसं वाटतं." एवढं बोलून तो उगाच चष्मा पुसायला लागला. "आणि एक लक्षात ठेवा. काहीही बदललं की प्रत्येक ओळ दाबून बघायची. घाबरायचं नाही."

माऊस कसा धरायचा ते दाखवताना त्याचा हात तिच्या हातावर अधांतरी थांबायचा. टेकायचा नाही. तिला वाटायचं, टेकला तर मी पळून जाईन... आणि नाही टेकला तर?

रविवारी जुना कॉम्प्युटर बाबांच्या पलंगाशी लागला. चारही ओळी चालल्या. मास्तर गेला, आणि तिला पडदा बोडका वाटू लागला. मथळ्याशिवाय पाटी म्हणजे टोपीशिवाय हवालदार, असं बाबा म्हणायचे. तिने एकटीने, कुणाला न विचारता, सगळ्यात वर एक ओळ घातली: 'बाबा, काय हवं?' शब्द एकेक ओळ खाली सरकले. बाबांचा अर्धा चेहरा हसला. आता दाबून बघायला हवं होतं. पण चालत्या गाडीला खीळ बसली तर? तिने माऊसला हातच लावला नाही.

सोमवारी दुकानात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारच्या आत मावशींचा फोन आला.

"अगं, मस्त आहेत तुझे बाबा! सारखं वाजवून 'ठीक आहे, ठीक आहे' सांगतायत. चारदा जाऊन आले. आता मी भाजीला बाहेर पडलेय हो."

तिच्या काळजाचं पाणी झालं. ठीक असलेला माणूस चार-चारदा कशाला सांगेल? आणि मग तिच्या डोळ्यांसमोर आली ती वरची ओळ. सगळे शब्द खाली सरकले होते, माऊस मात्र जुन्याच ओळी मोजत होता. तिसऱ्या शब्दावर बटण दाबलं की चौथा दिसत होता. बाबा 'दुखतंय' म्हणत होते... घसा फोडून म्हणत होते, आणि पडदा सांगत होता, ठीक आहे.

तिने मास्तरला फोन लावला. "माझ्यामुळे... मी ओळ घातली... बाबांना—"

"दार उघडं आहे?"

"लोटलेलं."

"निघालो. तू रडू नकोस, रस्ता बघून ये."

ती धावत घरी पोचली तेव्हा मास्तर पलंगाशी गुडघ्यावर बसला होता. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. बाबांचा लुळा हात पलंगाच्या कठड्यात पिरगळून अडकला होता. त्याने तो सोडवला होता आणि हळूहळू चोळत होता. डॉक्टर येऊन गेले, मुका मार आहे म्हणाले, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. बाबांच्या छातीवर डोकं ठेवून ती हमसून रडली. डावा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला.

"तुम्हीच दुरुस्त करा," ती मास्तरला म्हणाली. "मी आता हात लावणार नाही."

"तूच करायचं. मथळा राहू दे, छान आहे. ओळीच्या आकड्यातून एक वजा कर."

तिने माऊस धरला. या वेळी त्याचा हात अधांतरी राहिला नाही, टेकला... आणि ती पळाली नाही. तिने एक वजा केला. मग चारही ओळी दाबल्या, एकेक, डोळे उघडे ठेवून.

"धावताना मीही घाबरलो होतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बाबांसाठी. आणि बाबांना काही झालं तर तू परत कधी कशाला हात लावणार नाहीस, म्हणून. मला तू... मला तू हवी आहेस गं."

तिने ओठ घट्ट मिटले. डोळे भरले होते.

"घाबरलीस की हसतेयस? आता तर चष्मा आहे, तरी कळत नाहीये."

"दोन्ही," ती म्हणाली. "पण बाबांना विचारा."

मास्तरची पाचावर धारण बसली. तो पलंगाकडे वळला. "काका... मी... म्हणजे आम्ही... तुमची हरकत नसेल तर..."

बाबांनी माऊस धरला. बाण 'पाणी'वर गेला आणि थांबला. मास्तरने चष्मा सावरला. बाण सावकाश खाली आला... 'दुखतंय'वर बराच वेळ रेंगाळला. मग पुन्हा सरकला, आणि आवाज झाला.

पडद्यावर मोठ्या अक्षरात उमटलं: ठीक आहे.

दोघं एकदमच वाकली. बाण नेमका कुठे आहे? कालची चूक राहिली असेल तर? पण बाण चौथ्या शब्दावरच होता, बरोबर मध्यभागी. बाबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं.

दारात भाजीची पिशवी घेऊन मावशी धापा टाकत उभ्या होत्या. "आता काय झालं? कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही मावशी," ती म्हणाली. "ते खरंच ठीक आहेत."