दिवसा झोपणाऱ्याचा पडदा

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे, कारण हिच्यातला नायक बराच वेळ झोपलेला असतो. प्रेमाचीच गोष्ट आहे. पण कुणी घर सोडून पळत नाही, कुणी कुणाच्या नावानं रडत बसत नाही. एक पडदा शिवला जातो, जरा जास्तच चांगला शिवला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. ऐका तर.

बाजाराच्या टोकाला पडद्यांचं एक दुकान होतं. पुढे कापडाचे तागे, मागे शिवणयंत्र. दुकान मावशीचं आणि यंत्र भाचीचं. भाचीला सगळे धाकटी म्हणत. थोरली बहीण, म्हणजे ताई, दूरच्या शहरात होती. तिनं धाकटीसाठी तिथल्या मोठ्या शिवणकारखान्यात जागा पाहून ठेवली होती आणि दर फोनला विचारत होती, "मग, कधी येतेस?" धाकटी म्हणायची, "बघते." काय बघायचं होतं, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

एका सकाळी मावशी आत चहा गाळत होती आणि धाकटी गडद निळा तागा ओढत होती. तागा निघेना. तिनं पाय रोवून हिसका दिला, तेव्हा ताग्यांच्या पलीकडून एक माणूस हलला. उभ्या उभ्या झोपला होता. गालावर कापडाची वीण उमटली होती.

"हा तागा मला हवाय," ती म्हणाली.

"मलाही," तो डोळे न उघडता म्हणाला. मग उघडले. "माफ करा... मऊ होता."

मावशी कप घेऊन बाहेर आली. "अगं, हे हॉस्पिटलातले ब्रदर. रात्रपाळी करतात. मी म्हटलं चहा घ्या, तर एवढ्यात निजलेसुद्धा."

रात्रपाळीचा परिचारक होता तो. सारी गल्ली त्याला ब्रदर म्हणायची, आजारी असो वा नसो.

"काळा पडदा पाहिजे," तो म्हणाला. "माझी खिडकी पूर्वेला आहे. मी घरी पोचतो आणि ऊनही त्याच वेळी पोचतं. सध्या चादर ठोकलीय."

"मग किती झोप होते?" धाकटीनं विचारलं.

"ऊन उशीवर येईपर्यंत. मग तेच उठवतं. घड्याळ लावायची वेळ आली नाही कधी."

"काळ्या रंगानं काही होत नाही. अंधार अस्तरानं होतो. आणि उजेड कापडातून कमी येतो, कडेनं जास्त येतो. वरून, बाजूनं, खालून. रंग कुठलाही घ्या."

त्यानं रंग निवडायला घेतला आणि एक एक तागा हातभर उलगडून बघू लागला. करडा, शेवाळी, मातकट. धाकटी टेप गळ्यात घालून उभी. शेवटी म्हणाली, "ज्याच्याकडे तुम्ही डोळे मिटूनच बघणार, त्याच्यासाठी एवढा विचार?"

"मिटायच्या आधी शेवटचं तेच दिसणार ना," तो म्हणाला. "दिवसातली... म्हणजे रात्रीतली... शेवटची गोष्ट चांगली असावी."

"मग हा निळा घ्या. ओळखीचा झालाय तुमच्या."

मावशीनं भाचीकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला टोमणा मारायची धाकटीला सवय नव्हती. मावशी चहात साखर ढवळत राहिली. तिनं साखर आधीच ढवळली होती.

माप घ्यायला मावशी-भाची दोघी त्याच्या घरी गेल्या. निजायची खोली लहान, नीट लावलेली, एक खाट, एक खुर्ची. धाकटीनं खिडकीचं माप घेतलं आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त धरलं. दांडी सरळ न ठेवता टोकांशी भिंतीकडे वळवून घ्यायची, म्हणजे बाजूची फट बंद होते, असं तिनं समजावलं. तो मान डोलवत होता. दांडीकडे मात्र बघत नव्हता.

पुढच्या खेपेला, सकाळीच, दोघी पडदा घेऊन गेल्या. मावशी बाहेरच्या खोलीत बसली, दार उघडं ठेवून. मग धाकटी म्हणाली, "मावशी, दार जरा लोट. उजेड कुठून येतो ते बघायचंय."

"बघा हो, सावकाश बघा," मावशी म्हणाली. दार लोटलं, पण आपण इथेच आहोत हे कळावं म्हणून मोठ्यानं भाजीचे भाव सांगत राहिली.

आता बाहेर सकाळचं लख्ख ऊन, आणि खोलीत अंधार. दोघं मध्ये उभी. डोळे हळूहळू सरावले.

"वरच्या कोपऱ्यात," तो म्हणाला. "एक रेघ."

"दिसली. तिथे पट्टी लावते. अजून?"

"खाली, जमिनीशी."

"ते कापड खाली उतरलं की झाकेल. अजून?"

तो थांबला. "आणखी एक ठिपका आहे."

"कुठे?"

"तुमच्या खांद्यावर."

तिनं मान वळवून पाहिलं. अस्तराच्या शिवणीत सुईचं एक भोक राहिलं होतं आणि त्यातून आलेलं ऊन वाटाण्याएवढं होऊन तिच्या खांद्यावर बसलं होतं. ती हलली असती तर ते भिंतीवर गेलं असतं. ती हलली नाही.

"बुजवायला हवं," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"घाई नाही," तो म्हणाला.

बाहेर मावशीचे भाव संपले होते. "अगं, सापडला का उजेड?" तिनं विचारलं.

भोक बुजवलं, पट्टी लावली, पडदा परत चढवला. खालची दुमड मात्र धाकटीनं नुसत्या धावदोऱ्यानं टाचली. "जड कापड आहे," ती म्हणाली. "स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. आठवडाभर असंच लोंबू द्यायचं आणि मग पक्कं शिवायचं. आधी शिवलं तर पुढे जमिनीवर लोळतं."

"म्हणजे आठवड्यानं तुम्ही पुन्हा येणार?"

"मी... किंवा मावशी. ताईनं कारखान्यात बोलावलंय. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. हो म्हटलं तर लगेच निघावं लागेल."

"काय सांगणार?"

"विचार चालू आहे."

"विचारात कुणाची मदत चालते?"

"कुणी केली तर नाही म्हणणार नाही."

त्यानं धावदोऱ्याचं सुटं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "उद्या दुपारी उठलो की दुकानात येतो," तो म्हणाला. "काही बोलायचंय. आत्ता रात्रभराच्या ड्यूटीवरून आलोय आणि असं उभ्या उभ्या... नको."

"या," ती म्हणाली.

मग काय, दुसरा दिवस उजाडला. धाकटीनं सकाळपासून एकच झालर शिवली आणि तीही उसवली. दुपार झाली, तो आला नाही. दुपार कलली, तरी आला नाही. रस्त्यावर सायकल थांबली की तिचं यंत्र थांबायचं, सायकल पुढे गेली की यंत्र पुढे जायचं.

"फोन कर की," मावशी म्हणाली.

"मी का करू? बोलायचं त्यांना होतं."

"बंद असेल बघ. झोपताना बंद ठेवतात म्हणे."

"एवढा वेळ कुणी झोपतं का? ऊन उशीवर आलं की उठतात ते."

तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या आलं नाही. हातचं काम बिघडलं की माणसाला तिथल्या तिथे कळतं. ते जमलं की कळायला वेळ लागतो. भर दुपारी तो माणूस निळ्या पडद्याआड गाढ निजला होता आणि ऊन बाहेरच्या बाहेर भिंत फिरून निघून गेलं होतं. इतकी वर्षं त्याला उठवणारं ते ऊनच होतं, आणि त्याचीच वाट तिनं स्वतःच्या हातानं बंद केली होती.

दिवे लागायच्या सुमाराला धाकटी उठली. सुई, दोरा, कात्री पिशवीत टाकली.

"कुठे?" मावशीनं विचारलं.

"त्यांची दुमड शिवून टाकते. पुन्हा जायला नको."

"कापड उतरलं नाही अजून."

"उतरेल तेव्हा उतरेल."

मावशी यावर बरंच काही बोलू शकली असती. ती एवढंच म्हणाली, "जाऊन ये. मी कुलूप लावत नाही."

जिच्या हातचं काम अख्खा बाजार डोळे मिटून घ्यायचा, ती मुलगी आयुष्यात पहिल्यांदा वाईट शिवायला निघाली होती. यावरून तिच्या मनाचं काय झालं होतं ते समजून घ्या.

दार तीनदा वाजवलं. चौथ्यांदा हाताच्या मुठीनं. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. केस उभे, शर्टाची बटणं एक घर चुकलेली.

"सकाळीच आलात?" तो म्हणाला.

ती बघतच राहिली.

"मी आत्ताच पडलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं दोन-तीन तास झोपून मग..." आणि त्याला तिच्या मागे जिन्यातला दिवा लागलेला दिसला. रस्त्यावरचे दिवे दिसले. त्याचा चेहरा उतरत गेला. "किती वाजले?"

तिनं सांगितलं नाही. ती उंबऱ्यापाशी टेकून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

"मी जागाच झालो नाही," तो म्हणाला. "मधे एकदा डोळे उघडले, तर गडद अंधार. वाटलं, अजून वेळ आहे. तुमची शपथ."

"कळलं," ती म्हणाली. "माझंच काम आहे ते."

"ताईंना कळवलंत?"

"अजून नाही. फोन पिशवीत आहे. आधी दुमड शिवायला आले."

"आज? कापड उतरायला आठवडा लागतो म्हणालात."

"आठवड्यानं मी इथे नसेन."

तो उंबऱ्यापर्यंत पुढे आला. मग, ज्या वाक्याची त्यानं रात्रभर रुग्णांच्या खाटांमधून फिरताना तयारी केली होती ते विसरून, बटणं चुकलेल्या शर्टातच म्हणाला, "जाऊ नका ना. मला तुम्ही आवडता. पडद्याच्या आधीपासून. चादर ठोकलेली असतानाही मी दुकानावरून जायचो, दोनदा वळसा घालून. त्या दिवशी आत यायचं धाडस केलं आणि नेमका झोपलो."

"आणि आज बोलायचं तर पुन्हा झोपलात."

"हो."

"तुमचं पुढे कसं व्हायचं?" ती म्हणाली.

"कुणीतरी उठवायला हवं," तो म्हणाला. "रोज."

पिशवीतला फोन वाजला. ताईच होती. धाकटीनं त्याच्याकडे बघतच फोन उचलला.

"काय गं, ठरलं का?" ताईचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

"ठरलं. येत नाही, ताई."

"का? कामाचं काय सांगू त्यांना?"

"दुसरी बघायला सांग." ती थोडी थांबली. "मला इथे एकाला उठवायचं असतं."

ताईला यातलं काही कळलं नाही. ते कळायला तिला लग्नाला यावं लागलं.

तर अशी ती गोष्ट. धाकटी आजही दिवसा यंत्रावर बसते, वेळ झाली की घरी येऊन पडद्याची एक कड हळूच सरकवते, आणि एक माणूस उठून दुसऱ्यांची रात्र सांभाळायला निघतो. आता उठा, पण एक मागणं आहे. दुपारच्या वेळी गल्लीतून जाताना एखादी खिडकी गच्च झाकलेली दिसली, तर तिथे मोठ्यानं बोलू नका, दार वाजवू नका. काल रात्री कुणाच्या तरी उशाशी बसून जागलेलं माणूस आत निजलेलं असेल. त्याची आठवण ठेवा.